चमचाभर तेल

मोटारीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत केवळ ऐकून ठाऊक होते. पोटात प्लीहा असते हे आपल्याला ठाऊक असते ना, तसे. ती जोवर निमूटपणे आपले काम करते आहे तोवर तिची विचारपूस करायला कोण जातो? आमच्या गाडीचा तीन नंबरचा सिलिंडरही बत्तीस वर्षे असाच निमूटपणे राबत होता. त्याने अंग टाकले तेव्हा कुठे घरातल्या सर्वांना त्याचे अस्तित्व कळले, आणि मग कित्येक महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८५ सालची. 'आमची' म्हणतो ते आपले म्हणायचे. खरी ती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. पैसे भरून, नंबर लावून, पोस्टमनच्या पिशवीकडे डोळे लावून वर्षे काढावीत तेव्हा गाडी दारात यायची, असा तो काळ. आजच्या मुलांना हे सांगितले की ती आपल्याकडे दुष्काळातून वाचलेल्या माणसाकडे पाहावे तशी पाहतात. गाडीचे घराणेही काही हलकेसलके नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, मुंबईला कुर्ल्याला कारखाना उभा केला, पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० नंतरच्या दशकात फियाट अकराशे इथे तयार होऊ लागली. मग १९६४ साली ती डिलाइट झाली, १९७३ साली प्रेसिडेंट झाली आणि १९७४ साली पद्मिनी. नावे बदलत गेली, पण बॉनेटखालचे १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन मूळचे तेच. सासरी गेल्यावर मुलीचे नाव बदलते, स्वभाव थोडाच बदलतो! ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्या बातमीचे कात्रण अण्णांनी जपून ठेवले आहे.

अण्णा हिशेबखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यामुळे गाडी आली त्या दिवसापासून तिच्या नावाची एक वही आहे. कोणत्या तारखेला किती लिटर पेट्रोल भरले, काट्यावर किती किलोमीटर होते, लिटरमागे किती पडले, टायर कधी बदलले, कोणत्या गावी पंक्चर काढले, सगळे निळ्या शाईत. आमची सौ. म्हणते, "सुनेच्या बाळंतपणाची तारीख विसरतील, पण ऑइल बदलल्याची तारीख विसरायचे नाहीत." या वहीची आमच्या घरात थोडीशी थट्टाच होत असे. पुढे ती वही साक्षीदार म्हणून उभी राहणार आहे, म्हणून आधीच तिची ओळख करून दिली.

२०१७ च्या दिवाळीनंतर गाडीची तब्येत बिघडू लागली. सिग्नलला उभी राहिली की अंगभर कापायची. मागच्या नळीतून एकसारखा आवाज येण्याऐवजी मधूनच 'फुस्' असा एक ठोका चुकलेला उसासा यायचा. वेग घेतला की बरी चालायची, पण चढावर धाप लागायची. पुण्यातल्या एका गॅरेजात (नाव कशाला सांगा?) आधी प्लग बदलले, मग प्लगच्या वायरी, मग पॉइंट आणि कंडेन्सर, मग कार्ब्युरेटर खोलून धुतला. प्रत्येक वेळी बिल झाले आणि प्रत्येक वेळी 'फुस्' शिल्लक राहिला. शेवटी एके दिवशी तिथल्या मुख्य माणसाने एक घड्याळासारखे यंत्र लावून पाहिले आणि निकाल दिला, "तीन नंबरचं कॉम्प्रेशन गेलं आहे. इंजिन खाली उतरवून बोअर करावं लागेल. नवे पिस्टन, नव्या रिंगा. अठ्ठेचाळीस हजार. पण खरं सांगू का साहेब, या गाडीवर एवढा खर्च करू नका."

घरी सभा बसली. चिरंजीवांनी भंगारवाल्याशी फोनवर बोलून पंधरा हजारांचा भाव काढला. सगळ्यांचे बोलून झाल्यावर आम्ही अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, "ठीक आहे."

अण्णांच्या तोंडून हे दोन शब्द अशा आवाजात मी त्यापूर्वी एकदाच ऐकले होते. आईच्या शेवटच्या दुखण्यात, डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा.

भंगारवाला सोमवारी येणार होता. आदल्या शुक्रवारी, जुलै २०१८ मध्ये, शिरूरला आतेबहिणीच्या नातवाचे बारसे होते. अण्णा म्हणाले, "जाऊ या तेवढं गाडीनं. सावकाश चालव म्हणजे झालं." एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला ही शेवटची फेरी कोण नाकारणार?

वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी असे करत उसासे टाकीत आम्ही शिक्रापूरला पोहोचलो. हे गाव ज्यांनी नगर रस्त्यावरून केवळ जाता-येता पाहिले आहे त्यांना ते म्हणजे चाकण चौकातली कोंडी एवढेच ठाऊक असते. एकीकडून चाकणच्या कारखान्यांकडचे ट्रक येतात, समोरून रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतले कंटेनर येतात, आणि मध्ये उसाच्या बैलगाडीपासून कॉलेजच्या बसपर्यंत सगळी सृष्टी अडकून पडते. गंमत अशी की आमच्या गाडीच्या माहेरच्या नावाचा, फियाटचा, मोठा कारखाना याच शिरूर तालुक्यात, तिथून थोडे पुढे रांजणगावला आहे. पण तिथल्या यंत्रमानवांना आमची म्हातारी कोण हे सांगूनही समजले नसते.

कोंडीत इंजिन चालू ठेवून उभे होतो. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून साठीचा एक माणूस हात पुसत बाहेर आला. डोक्याला टोपी, अंगात ऑइलने काळा पडलेला सदरा. माझ्याकडे पाहिलेच नाही, सायलेन्सरच्या नळीसमोर तळहात धरून अर्धा मिनिट उभा राहिला आणि मग खिडकीशी येऊन म्हणाला, "सायेब, एक सिलिंडर मारत नाय."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "बोअर करायचं सांगितलंय."

"कुनी सांगितलं? त्येल टाकून बगितलं का?"

हा प्रश्न मला कळला नाही. पण मागच्या सीटवर अण्णा एकदम ताठ बसले. म्हणाले, "गाडी बाजूला घे."

मिस्त्रींचे शिक्षण आठवीपर्यंत आणि त्यापुढचे विहिरीवर. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मळ्यात वीज नव्हती. विहिरीवर डिझेलचे ऑइल इंजिन होते. पुण्यात खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली आणि पुढच्या काही वर्षांत या भागातल्या किती विहिरींवर तो ढुकढुक आवाज घुमू लागला, हे जुन्या माणसांना आठवत असेल. त्या इंजिनाला स्टार्टर नसे. लोखंडी हँडल मारायचे. आधी एक खटका वर करून ठेवायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून आतली हवा निसटत राहते आणि हँडल मोकळे फिरते. जड चाक पुरते वेगात आले की खटका पाडायचा. त्या क्षणी हवा कोंडते, दाबली जाते, दाबल्याने इतकी तापते की तीत उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. ठिणगी नाही, काडी नाही, सारी करामत दाबाची. "कॉम्प्रेशन म्हंजी काय ते मला हातानं कळलं," मिस्त्री म्हणाले, "वाचून नाय."

आपण शहरातली माणसे सायकलला हवा भरताना हेच अनुभवतो. पंपाचे तोंड चटका देण्याइतके गरम होते ते केवळ घासण्याने नव्हे. दाबलेली हवा तापते म्हणून. इंजिनाच्या पहिल्या संशोधकांना याचे महत्त्व उमगायला वेळच लागला. १८६० साली फ्रान्समध्ये लेन्वारने गॅसवर चालणारे इंजिन केले, त्यात मिश्रण दाबतच नसत, नुसते पेटवीत. इंजिन चाले, पण गॅस मात्र राक्षसासारखा खाई. १८७६ साली जर्मनीत ओटोने चार टप्प्यांचे इंजिन केले: आत ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका. पेटवण्याआधी दाबा, या एका शब्दात मोटारीचे सारे युग आले. आमच्या तीन नंबरमध्ये तोच शब्द हरवला होता.

मिस्त्रींनी कामाला सुरुवात केली ती मात्र पान्याने नव्हे, प्रश्नाने. "कधीपासून असं होतंय?"

"झाले सात-आठ महिने," मी ढोबळ उत्तर दिले.

अण्णांनी पिशवीतून वही काढली. बारशाला निघालेला माणूस गाडीची वही बरोबर का घेतो, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी चष्मा लावून वाचले, "८ नोव्हेंबर २०१७, सर्व्हिसिंग. टॅपेटचा आवाज बंद. गाडी शिवणयंत्रासारखी चालते. त्या वेळी ॲव्हरेज तेरा पूर्णांक नऊ. पुढल्या महिन्यात तेरा सहा. मग तेरा. मग बारा एक. परवाचं दहा आठ."

मिस्त्री हात पुसायचे थांबले. "पुन्यांदा वाचा आण्णा. टॅपेटचं."

अण्णांनी पुन्हा वाचले. इतक्या वर्षांत त्या वहीतले कुणी त्यांना पुन्हा वाचायला सांगितल्याचे मला आठवत नाही.

मग तपासणी सुरू झाली आणि मी स्टुलावर बसून पाहत राहिलो. इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची टोपी क्षणभर उचलली. एक नंबरची उचलली की इंजिन धडपडे, दोन नंबरची उचलली की धडपडे, चार नंबरचीही तीच कथा. तीन नंबरची उचलली, पण इंजिनाला पत्ताच नाही. कामावर असून नसल्यासारखा इसम रजेवर गेला तर कचेरीत कुणाला कळते? तीन आणि चार नंबरचे प्लग अदलाबदल केले, तरी रोग तीनातच राहिला. म्हणजे प्लगचा दोष नाही. कार्ब्युरेटर चौघांना मिळून एकच, तेव्हा उपाशी ठेवले असते तर चौघांना ठेवले असते. पुण्याच्या गॅरेजात दोन हजार रुपयांना जे कळले नव्हते ते इथे पाच मिनिटांत कळले.

नंतर बंपरखालच्या भोकातून हँडल घालून त्यांनी इंजिन हाताने फिरवले. दोन पूर्ण फेऱ्यांत हात चार वेळा अडायला हवा, कारण दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा हवा दाबतात. "धरा सायेब," म्हणून त्यांनी हँडल माझ्या हाती दिले. पहिल्यांदा अडले, आणि मग दुसऱ्यांदा हात असा सुळकन पुढे गेला की जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा तसे झाले. मग पुन्हा दोनदा ठणठणीत अडले. आमच्या इंजिनात ठिणगीची पाळी एक, तीन, चार, दोन अशी असते; एकाच्या पाठोपाठ ही खचलेली पायरी येत होती, म्हणजे ती तिनाचीच.

एवढ्याने माझे समाधान झाले होते. मिस्त्रींचे झाले नव्हते. चारही प्लग काढले, कॉइलची मोठी वायर बाजूला केली, आणि प्रत्येक भोकात ते घड्याळाचे यंत्र बसवून पोराला सांगितले, "ॲक्सिलेटर पुरता दाब आन् शेल मार." ॲक्सिलरेटर पुरता दाबायचा तो आत येणाऱ्या हवेची वाट मोकळी राहावी म्हणून; नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. प्रत्येकाला सारखेच पाच-सहा ठोके द्यायचे. आकडे त्यांनी खडूने पत्र्यावर लिहिले: १३५, १३०, ७०, १३०. पौंड, दर चौरस इंचाला. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या पाऊणपटीखाली जाऊ नये असा साधारण ठोकताळा आहे. आमचा जवळजवळ निम्म्यावर आलेला. शिवाय शेजारचे दोन आणि चार धडधाकट होते. दोन शेजारी एकदम पडले असते तर त्यांच्या मधले हेडचे पॅकिंग जळले असा संशय घेतात.

आता पुण्याचे गॅरेज इथपर्यंत आलेच होते. तेही सत्तरच म्हणाले असणार. फरक पुढे आहे. सत्तर हा आकडा हवा निसटते एवढेच सांगतो, कुठून निसटते ते सांगत नाही. खाली पिस्टनच्या रिंगांजवळून निसटत असेल तर सिलिंडर झिजला, इंजिन उतरवा, बोअर करा, अठ्ठेचाळीस हजार मोजा किंवा भंगारवाल्याला बोलवा. वर व्हॉल्व्हमधून निसटत असेल तर इंजिन जागेवरच राहते, नुसते डोके उतरवले की झाले. एकाच तापाची ही दोन कारणे, आणि त्यांतले कोणते हे विचारल्यावाचून आठ महिने आम्ही आशा सोडत आलो होतो.

मिस्त्रींनी घरून आणलेल्या डब्यातला चहाचा चमचा घेतला. ऑइलच्या डब्यात बुडवला. "थंडीत इंजन चालू व्हईना की बाप ह्येच करायचा," ते म्हणाले. "चमचाभर त्येल आत सोडायचा. रिंगा ढिल्या झाल्या आसल्या की त्येल फटीत बसतं, हवा कोंडती आन् इंजन सुरू व्हतं. त्येल टाकून आकडा चढला, तर रिंगा गेल्या. नाय चढला, तर रिंगा चांगल्या. येवढंच."

तीन नंबरच्या भोकातून त्यांनी तेल सोडले. हँडलने दोन-चार फेऱ्या देऊन ते भिंतीला लागू दिले. पुन्हा यंत्र बसवले.

वाचकहो, मी मुलांच्या दहावीच्या निकालांना उभा राहिलो आहे, सौ.च्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलो आहे. पण एखादा काटा वर चढू नये म्हणून देवाला हात जोडण्याची ती पहिलीच वेळ. अण्णा शेडच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी बसायला नकार दिला होता. पोराने सेल मारला. काटा पन्नासवर गेला, साठ, सत्तर, आणि पंचाहत्तरला येऊन थरथरत उभा राहिला. आणखी चार ठोके दिले, तरी तिथेच.

"पंचाहत्तर म्हणजे पाच वाढला की," माझा आवाज कापत होता.

"चमचाभर त्येलानं आतली जागा येवढीशी कमी झाली, त्येचे पाच. रिंगांचं आसतं तर शंभराच्या फुडं गेलं आसतं." मिस्त्री अण्णांकडे वळले. "आण्णा, खालनं गाडी ठनठनीत हाय. बोअर-बिअर काय नाय."

अण्णा काही बोलले नाहीत. ते स्टुलावर बसले.

उरलेले काम मिस्त्रींनी मौजेने केले असे म्हटले तरी चालेल. वरचे झाकण काढले. आता तीन नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह पुरते बंद असण्याची जागा शोधायची होती. त्यासाठी ते तिनाकडे नव्हे तर दोनाकडे पाहत होते. दोन नंबरचा एक व्हॉल्व्ह मिटत आणि दुसरा उघडत असतो, नेमक्या त्या घटकेला तीन नंबर दाबाच्या टोकाशी असतो. ते दोघे जोडीदार. तिथे इंजिन थांबवून त्यांनी फीलर गेज घेतला. धुराच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर जी बारीकशी फट सोडलेली असते तीत सर्वांत पातळ पट्टीसुद्धा शिरेना. फट उरलीच नव्हती. म्हणजे व्हॉल्व्ह बंद होतोय असे वाटे, पण पुरता बंद होतच नव्हता.

ही फट का लागते? धुराचा व्हॉल्व्ह हा इंजिनातला सर्वांत भाजणारा प्राणी. त्याचे तोंड सातशे अंशांच्या आसपास तापते. तापले की दांडा लांबतो. त्या लांबण्यासाठी फट. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर हा व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडमिट करतो, आणि त्या मिटलेल्या निमिषभरात सीटला टेकून आपली बरीचशी आग तिच्या अंगावर सोडून देतो. हीच त्याची विश्रांती. फट नसली की टेकणे नाही, टेकणे नाही म्हणून निवणे नाही. उलट उरलेल्या चिरेतून जळता वायू पिचकारीसारखा सुटतो आणि व्हॉल्व्हची कड कुरतडत जातो. आणि गंमत पाहा, फट असली तर टॅपेट बारीक वाजतो, नसली तर अगदी गप्प असतो. अण्णांनी कौतुकाने लिहिलेले 'शिवणयंत्रासारखी चालते' हे रोगाचे पहिले लक्षण होते. फट कुणी बुजवली याबद्दल मिस्त्री एक अक्षर बोलले नाहीत. मीच दोन-चार शब्द काढले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गिऱ्हाइकाला आवाज नको आसतो, मग पोरं करत्यात."

फट बरोबर करून पुन्हा मोजले: ७८. म्हणजे कड जळून गेलेली होती. शेवटची खात्री हवेने केली. एका जुन्या प्लगची आतली चिनीमाती फोडून तीत टायरची नळी झाळून त्यांनी स्वतःच एक तोटी केली होती. ती तीन नंबरच्या भोकात बसवली, इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, आणि टायरला हवा भरायच्या यंत्राची नळी जोडली. आता नुसते ऐकायचे. कार्ब्युरेटरपाशी कान लावला, आवाज नाही. म्हणजे आत घेणारा व्हॉल्व्ह शाबूत. ऑइल ओतायच्या तोंडाशी बारीकशी फुंकर, जेवढी या वयात असायचीच. रेडिएटरचे झाकण काढले, पाण्यात एकही बुडबुडा नाही, पॅकिंग शाबूत. मग मिस्त्रींनी वर्तमानपत्राची पट्टी फाडून माझ्या हातात दिली आणि मागे पाठवले. सायलेन्सरच्या तोंडाशी ती धरली मात्र, गौरीच्या मुखवट्यापुढचा पडदा पंख्याने उडावा तशी पट्टी फडफडू लागली.

गाडी तिथेच ठेवून आम्ही लाल एस.टी.ने बारशाला गेलो. मी तिथूनच चिरंजीवांना फोन करून भंगारवाल्याला निरोप द्यायला सांगितले. तो म्हणाला, "अहो बाबा, शिक्रापूरला रस्त्याकडेच्या शेडमध्ये इंजिन खोललंत?" त्याचेही चूक नव्हते. परंतु या भागात हातांनी शिकण्याची परंपरा आहे, हे शहरात बसून कळत नाही. शिक्रापूरहून पाबळला रस्ता फुटतो, जिथे मस्तानीची समाधी आहे. त्याच पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाच्या शास्त्रज्ञाने विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातल्या मुलांना करून पाहत शिकवायला सुरुवात केली. मिस्त्री तिथे शिकलेले नव्हेत. पण त्यांचा तो सेल मारणारा पोरगा पुढच्या वर्षी तिकडे जायचे म्हणत होता. त्याला वेल्डिंग नीट शिकायचे होते.

तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा हेड उतरवलेले होते. काढलेला व्हॉल्व्ह मिस्त्रींनी अण्णांच्या हातावर ठेवला. उंदराने भाकरीची कड कुरतडावी तसा एक तुकडा गेलेला. एवढ्याशा खाचेसाठी सबंध गाडी भंगारात निघाली होती! शेजारी बसून पोरगा नवा व्हॉल्व्ह सीटवर घासत होता. दांडीला रबरी वाटी, मध्ये घासायची पेस्ट, आणि दोन्ही तळव्यांत दांडी धरून ताक घुसळावे तशी इकडून तिकडे, मध्येच उचलून थोडी फिरवून पुन्हा. आमच्या आजीने पाहिले असते तर "लोणी वर आलं का रे?" असेच विचारले असते. घासून झाल्यावर हेड पालथे करून त्या खळग्यात रॉकेल ओतले आणि चहा पिऊन येईपर्यंत ठेवले. थेंबही झिरपला नाही. मग नवे पॅकिंग घालून नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत, तीन खेपांत आवळले.

पुन्हा आकडे घेतले. मिस्त्रींनी खडू अण्णांच्या हातात दिला. त्यांनी जुन्या ओळीखाली आपल्या हिशेबखात्याच्या अक्षरात लिहिले: १३५, १३०, १३०, १३२.

बिल झाले चार हजार सहाशे. त्यात व्हॉल्व्ह, पॅकिंग, ऑइल, लेथवाल्याचे, मजुरी, सगळे होते. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "यात तपासणीचे पैसे नाहीत."

"त्येचे कसले पैशे? चमचाभर त्येल."

"तपासणी हे वेगळं काम आहे," अण्णा म्हणाले. "ते वेगळ्या खात्यात पडतं." त्यांनी स्वतःच्या पेनाने बिलाखाली 'तपासणी, रु. ५००' अशी ओळ वाढवली, बेरीज दुरुस्त केली आणि मगच पैसे दिले. गिऱ्हाइकाने बिल वाढवल्याचा हा शिक्रापुरातला बहुधा पहिलाच प्रकार असावा, कारण पोरगा तोंड उघडे टाकून पाहत होता.

त्या टाकीला ॲव्हरेज पडले तेरा पूर्णांक आठ. २०२० साली गाडी पुन्हा पास झाली. जुना व्हॉल्व्ह अण्णांच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. आणि दर सर्व्हिसिंगला अण्णा वही घेऊन माझ्याबरोबर गॅरेजात येतात. मागच्या खेपेला तिथला नवा मुलगा बॉनेटखाली कान लावून आपुलकीने म्हणाला, "आजोबा, टॅपेट जरा वाजतायत. गप्प करून देऊ का?"

"खबरदार!" अण्णा म्हणाले.